ताबुताएवढा सूर्य

सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात मोहरमला उभे राहणारे ताबूत पाहायचे तर मान मागे टाकावी लागते. बांबूचा सांगाडा, त्यावर रंगीबेरंगी कागद आणि उंची शंभर फुटांच्या पुढे. बांधण्याची रीतही जगावेगळी. आधी कळस, मग त्याखालचा मजला, मग त्याच्याखालचा, असे करत पाया शेवटी. मोहरमच्या दहाव्या दिवशी हे डोलारे माणसांच्या खांद्यांवरून निघतात आणि गावात त्यांच्या भेटी होतात. खांदा देणाऱ्यांत हिंदूही असतात, मुसलमानही, आणि त्याचे कडेगावात कुणाला नवल वाटत नाही.

हा मोहरम कधी भर पावसात येतो, कधी थंडीत, कधी कडक उन्हात. हिजरी वर्ष निव्वळ चंद्राच्या कलांवर चालते. त्याचे दिवस ३५४ किंवा ३५५. त्यामुळे दर वर्षी तो दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. मराठी पंचांगही चंद्राचेच, पण ते दर अडीच-तीन वर्षांनी अधिक महिना घालून सूर्याशी जुळवून घेते. एकाच गावात ही दोन्ही गणिते शेजारी शेजारी नांदतात. सण, पेरणी, उरूस, जत्रा यांमधून सूर्य-चंद्राच्या चालीशी इथल्या माणसाचा रोजचा संबंध आहे. तरीही हा सूर्य केवढा आणि किती लांब, असे विचारले की भलेभले अडखळतात. कोटीच्या भाषेत उत्तर येते, डोळ्यांपुढे मात्र काही उभे राहत नाही.

यात दोष असेल तर तो चित्राचा. शाळेच्या भिंतीवरचा सूर्यमालेचा तक्ता आठवावा. डाव्या कोपऱ्यात पिवळा सूर्य, मग एका ओळीत आठ गोळे, शनीला कडे. मंगळ आणि गुरू यांच्यात चार बोटांचे अंतर. हा तक्ता ग्रहांची नावे आणि क्रम शिकवायला ठीक आहे, मापे शिकवायला मुळीच नाही. वीस सेंटिमीटर रुंदीच्या पानावर सूर्यापासून नेपच्यूनपर्यंतचे अंतर खरोखर प्रमाणात बसवले, तर सूर्यच मिलिमीटरच्या सोळाव्या भागाएवढा होतो. पृथ्वी दिसायला सूक्ष्मदर्शक लागेल. उलट पृथ्वी मिलिमीटरभर काढायची ठरवली, तर नेपच्यून साडेतीनशे मीटरवर जातो आणि पान शाळेच्या कुंपणाबाहेर पडते. आकार आणि अंतर दोन्ही एका प्रमाणात दाखवील असा कागद छापखान्यात मिळत नाही. म्हणून छापणारे दोन वेगळी प्रमाणे वापरतात, आणि मुलांच्या डोक्यात ती एकत्र होऊन बसतात.

तेव्हा कागद बाजूला ठेवून गाव घ्यावे. कडेगावातला शंभर फुटांचा ताबूत म्हणजे सूर्याचा व्यास, असे धरावे. ताबूत उभट असतो आणि सूर्य गोल, पण उंची डोळ्यांत भरलेली असल्यामुळे तेवढ्या व्यासाचा गोळा कल्पायला सोपा. शंभर फूट म्हणजे तीस मीटर. खऱ्या सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर. म्हणजे कडेगावातला एक मीटर हा आकाशातला सुमारे ४६ हजार ४०० किलोमीटर झाला. आता पृथ्वी घ्यावी. ती होते साडेसत्तावीस सेंटिमीटरची, सुमारे अकरा इंचांची. आणि ठेवायची कुठे? ताबुतापासून सव्वातीन किलोमीटरवर. गाव मागे पडून रानात आल्यावर.

बुध सव्वा किलोमीटरवर, साडेदहा सेंटिमीटरचा. शुक्र २.३ किलोमीटरवर, आकाराने पृथ्वीहून जरा लहान. मंगळ पाच किलोमीटरला थोडा कमी, पंधरा सेंटिमीटरलाही थोडा कमी. खडकाळ ग्रह इथे संपले. चारही एका पोत्यात मावतील, आणि ते पसरले आहेत दहा किलोमीटर रुंदीच्या वर्तुळात.

इथे पृथ्वीपाशी जरा थांबावे, कारण वर्तमानपत्रांतल्या अवकाशाच्या बहुतेक बातम्या याच ठिकाणच्या असतात. या अकरा इंची गोळ्यापासून चंद्र सव्वाआठ मीटरवर येतो, साडेसात सेंटिमीटर व्यासाचा. तक्त्यावर तो पृथ्वीला चिकटलेला असतो. प्रत्यक्षात मधल्या अंतरात जवळजवळ तीस पृथ्व्या ओळीने मांडता येतील. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ ज्या जमिनीवर उतरले ती ही. माणूस स्वतः जिथवर गेला ती शीवही याच चंद्राच्या आसपासची. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक तर गोळ्याच्या पृष्ठभागापासून नऊ मिलिमीटरसुद्धा वर नाही.

आदित्य-एल१ची गोष्ट याहून बोलकी आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी हे यान उडाले तेव्हा ‘भारत निघाला सूर्याकडे’ अशा धर्तीचे मथळे झळकले. ते चुकीचे नव्हते. दिशा सूर्याचीच होती. ६ जानेवारी २०२४ला यान आपल्या जागी पोचले. ती जागा पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे आणि तिथे सूर्य व पृथ्वी यांची ओढ अशी जुळते की यान पृथ्वीच्या बरोबरीने वर्षात सूर्याभोवती फिरत राहते. कडेगावच्या मापात हे अंतर ३२ मीटर. सव्वातीन किलोमीटरच्या वाटेवर बत्तीस मीटर! सूर्याच्या खरोखर जवळ गेले ते अमेरिकेचे पार्कर यान. २४ डिसेंबर २०२४ रोजी ते सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरवरून गेले, म्हणजे ताबुतापासून १३० मीटरवरून. आदित्यचे मोल यामुळे तसूभरही कमी होत नाही. ग्रहणाचा अडथळा न येता सूर्याकडे अखंड पाहत राहणे हे त्याचे काम, आणि त्यासाठी जवळ जाण्याची गरज नाही. पण ही दोन अंतरे मनात असली की बातमी वेगळी वाचली जाते.

मंगळाच्या पुढे सात ते दहा किलोमीटरच्या पट्ट्यात लघुग्रह येतात. चित्रपटांत यानांना त्यांच्यातून नागमोडी वाट काढावी लागते. कडेगावच्या मापात या पट्ट्यातला सर्वांत मोठा सेरेस दोन सेंटिमीटरचा, आणि बाकीचे बहुतेक धुळीचे कण. तालुक्याच्या एवढ्या रानात विखुरलेल्या धुळीला धडकायचे म्हटले तरी जमणार नाही. प्रत्यक्षातही याने या पट्ट्यातून बिनघोर पार होतात.

यापुढे नकाशा आणि कंपास घ्यायला हवा. ग्रह एका ओळीत उभे नसतात. प्रत्येकाचे कडेगावभोवती एक मोठे वर्तुळ असते आणि त्यावर तो कुठेही असू शकतो. अंतरे हवाई धरायची, रस्त्याची नाहीत. गुरूचे वर्तुळ सुमारे सतरा किलोमीटर त्रिज्येचे, ते पश्चिमेला कऱ्हाडच्या परिसरातून जाते. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाच्या आसपास तीन मीटर व्यासाचा गुरू ठेवता येईल. शनी एकतीस किलोमीटरवर, उंब्रजच्या पुढे. गोळा २.६ मीटरचा, मुख्य कडी सहा मीटर रुंद पसरलेली. या कड्यांची जाडी मात्र प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी काही दशक मीटरच आहे, तेव्हा या मापात ती केसाच्या जाडीचा शंभरावा भागसुद्धा जेमतेम भरते. असली वस्तू घडवणारा कारागीर सापडणार नाही.

युरेनस बासष्ट किलोमीटरवर. हे वर्तुळ मिरजेपाशी येते. सतारमेकरांच्या गावात एक मीटरहून थोडा मोठा निळसर-हिरवट गोळा. त्याच्या आत सांगलीही आली, साताराही आला. कोल्हापूर या वर्तुळाच्या जरा बाहेर, युरेनस आणि नेपच्यून यांच्या मधल्या पोकळीत पडते. १९३८ साली जयंत नारळीकर तिथे जन्मले, आणि विश्वाच्या विस्ताराबद्दल मराठीत सोपे लिहिण्याचे काम त्यांनी पुढे जन्मभर केले. नेपच्यूनचे वर्तुळ सत्त्याण्णव किलोमीटरचे, ते महाबळेश्वराच्या आसपास पोचते. प्लूटोला २४ ऑगस्ट २००६ रोजी ग्रहांच्या यादीतून वगळले, पण नकाशातून वगळायचे कारण नाही. त्याची कक्षा इतकी लांबट की तो कधी महाबळेश्वराएवढ्या अंतरावर असतो, तर कधी बेळगावाएवढ्या. आणि आकार पाच सेंटिमीटर.

आता या सगळ्यावर नजर टाकावी. सह्याद्रीच्या माथ्यापासून माणदेशापलीकडे पसरलेला, शेकडो गावांचा मुलूख. त्यात वस्तू किती? एक ताबूत, एक ते तीन मीटरचे चार गोळे, पोतंभर लहान चेंडू, काही चंद्र आणि धूळ. सूर्यमालेच्या एकूण वस्तुमानातला ९९.८ टक्क्यांहून अधिक भाग एकट्या सूर्यात आहे. उरलेल्यात सगळे ग्रह, त्यात पृथ्वी, तिच्यावर कडेगाव. बाकी मोकळे.

या मोकळेपणाला वेगाचे एक माप लावता येते. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. हेच कडेगावच्या प्रमाणात आणले तर वेग येतो सेकंदाला साडेसहा मीटर, तासाला तेवीस किलोमीटर. अंगात दम असलेला सायकलस्वार सपाटीला या वेगाने जातो. विश्वातला सर्वांत वेगवान प्रवासी या नकाशावर सायकलवर बसलेला आहे! ताबुतापासून निघून पृथ्वीला पोचायला त्याला आठ मिनिटे वीस सेकंद लागतात, कऱ्हाडपाशी गुरूला पाऊण तासाला थोडा कमी, मिरजेला दोन तास चाळीस मिनिटे, नेपच्यूनला चार तासांहून जास्त. गुरूपाशी असलेल्या यानाला पृथ्वीवरून आज्ञा द्यायची, तर ती याच सायकलवरून जाते आणि उत्तर त्याच सायकलवरून परत येते. ग्रह स्वतः तर याहून किती तरी संथ. पृथ्वी दिवसाला पंचावन्न मीटर सरकते, नेपच्यून दहा मीटर. १८४६ मध्ये शोध लागलेल्या नेपच्यूनने शोधानंतरची पहिली फेरी पुरी केली ती २०११ मध्ये.

हे आकडे आज कुणीही चुटकीसरशी देतो. ते मिळवायला मात्र माणसाला फार वेळ लागला, आणि त्या धडपडीत मराठी मुलखाचाही वाटा आहे.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी लिहिला. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. भास्कराचार्यांनी चंद्राचे अंतर ५१,५६६ योजने दिले आणि पृथ्वीचा व्यास १,५८१ योजने. म्हणजे चंद्र पृथ्वीच्या त्रिज्येच्या ६५ पट दूर. आजचा आकडा ६० पट. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या साधनांनी हे जमले, कारण चंद्र जवळ आहे आणि दोन ठिकाणांहून पाहिल्यास तो तारकांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकलेला दिसतो. त्या सरकण्याला आपल्याकडे लंबन म्हणतात. सूर्याचे लंबन मात्र इतके अल्प की नुसत्या डोळ्यांना ते सापडत नाही. तिथे सिद्धान्तकारांनी एक गृहीतक घेतले: सगळे ग्रह दिवसाला सारखीच योजने चालतात. चंद्राची फेरी सव्वासत्तावीस दिवसांची, सूर्याची तीनशे सव्वापासष्ट. म्हणून सूर्य चंद्राच्या साधारण तेरा पट दूर, ६,८९,३७७ योजनांवर. प्रत्यक्षात तो जवळजवळ ३९० पट दूर आहे.

हाच आकडा कडेगावात आणला तर काय होते? पृथ्वी तेवढीच अकरा इंची ठेवली, तर भास्कराचार्यांचा सूर्य सव्वातीन किलोमीटरऐवजी १२० मीटरवर येतो आणि ताबुताऐवजी मीटरहून जेमतेम थोडा मोठा होतो. पृथ्वीवरून दोन्ही सूर्य सारखेच मोठे दिसतात, म्हणून डोळ्याला चूक कळण्याचा मार्ग नव्हता. ग्रीक परंपरेतल्या टॉलेमीचा सूर्यही पृथ्वीच्या १,२१० त्रिज्यांवरच होता. खरे अंतर सुमारे २३,५०० त्रिज्या. ग्रहणे दोघांनाही अचूक वर्तवता येत होती. सूर्यमाला किती मोठी आहे हे न कळताही पंचांग बरोबर निघते, ही गोष्ट खगोलशास्त्राच्या इतिहासात पुरेशा ठसठशीतपणे सांगितली जात नाही.

१६१९ मध्ये केप्लरने ग्रहांच्या फेऱ्यांचा काळ आणि त्यांची अंतरे यांचा नियम मांडला. त्यावरून गुरू पृथ्वीच्या पाचपटीहून थोडा जास्त दूर, शनी साडेनऊ पट, अशी गुणोत्तरे पक्की झाली. पण एक तरी अंतर मैलांत कळल्याशिवाय बाकीची कळणार नव्हती. १६७२ मध्ये कॅसिनीने पॅरिसहून आणि रिशेने दक्षिण अमेरिकेतल्या कायेनहून एकाच वेळी मंगळ पाहिला, आणि सूर्याचे अंतर सुमारे चौदा कोटी किलोमीटर आले. सूर्यमाला रातोरात वीसेक पटींनी वाढली म्हणायची. पुढे हॅलीने शुक्राच्या अधिक्रमणाचा उपाय सुचवला: शुक्र सूर्यबिंबावरून जात असता पृथ्वीवरच्या लांबलांबच्या ठिकाणांहून वेळा नोंदवायच्या. त्यासाठी ल जांती हा फ्रेंच खगोलविद पाँडिचेरीला निघाला. १७६१ला तो पोचण्याआधी पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती गेली आणि अधिक्रमण त्याला हलत्या जहाजावरून पाहावे लागले. आठ वर्षे थांबून १७६९ला त्याने पाँडिचेरीत दुर्बीण रोखली, तर ऐन वेळी ढग आले. ८ जून २००४च्या अधिक्रमणाला महाराष्ट्रात पावणेअकराच्या सुमारास सुरुवात झाली आणि ते दुपार कलेपर्यंत चालले. तेव्हा त्यातून अंतर काढण्याची कुणाला गरज उरली नव्हती, रडारने ते काम केव्हाच केले होते. आता यापुढचे अधिक्रमण डिसेंबर २११७ मध्ये. सूर्य-पृथ्वी अंतराचे एकक आता १४ कोटी ९५ लाख ९७ हजार ८७०.७ किलोमीटर असे २०१२ पासून ठरवूनच टाकले आहे.

नकाशाच्या दुसऱ्या टोकालाही एक मराठी नाव आहे. व्यंकटेश बापूजी केतकर हे पेशाने शिक्षक, पंचांग शुद्ध करण्याच्या ध्यासाने ग्रहगणितात शिरलेले. १९११ मध्ये फ्रेंच खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत असे गणित मांडले आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. ब्रह्माचे अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या ३८.९५ पट, फेरी २४२ वर्षांची. १८ फेब्रुवारी १९३० रोजी क्लाइड टॉमबॉला प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट, फेरी २४८ वर्षांची. कडेगावच्या मापात केतकरांचा ब्रह्मा एकशे साडेपंचवीस किलोमीटरवर आणि प्लूटो एकशे सत्तावीसवर. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये केतकर वारले. या जुळण्याचा अभिमान बाळगताना एक गोष्ट दडवू नये. प्लूटोचे वस्तुमान चंद्राच्या पाचव्या भागाएवढेही भरत नाही. इतका हलका गोळा मोठ्या ग्रहांच्या चालीत जाणवेल असा फरक पाडू शकत नाही, आणि म्हणून अमेरिकेतल्या पर्सिव्हल लॉवेलचे याच धर्तीचे भाकीत आणि केतकरांचे भाकीत ही दोन्ही आज योगायोगात मोडतात. केतकरांची थोरवी त्या भाकितावर मुळी अवलंबून नाही. बागलकोटसारख्या गावी बसून युरोपातले ताजे गणित आत्मसात करणे आणि त्याच्या आधारे संस्कृतात ज्योतिर्गणित लिहिणे, हे त्यांचे खरे काम.

मोठ्या प्रमाणावर अशी सूर्यमाला कुणी खरोखर मांडली आहे का? स्वीडनने मांडली आहे. स्टॉकहोममधली ११० मीटर व्यासाची घुमटाकार क्रीडाशाला म्हणजे सूर्य, पृथ्वी शहरातल्या निसर्गविज्ञान संग्रहालयात, गुरू विमानतळाजवळ आणि प्लूटो तीनशे किलोमीटरवरच्या देल्सबो गावात. एक मीटरला वीस हजार किलोमीटर असे तिथले प्रमाण. कडेगावचा नकाशा त्याच्या निम्म्याहून लहान पडतो, पण तरी तो सूर्यमालेपुरताच पुरतो. ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघालेले व्हॉयेजर-१ आता पंचवीस अब्ज किलोमीटरच्या पुढे गेले आहे. कडेगावहून मोजले तर अमरावतीच्या आसपास. माणसाने इतक्या लांब धाडलेले दुसरे काही नाही, आणि त्याचा वेग या मापात तासाला सव्वा मीटर. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा. तो याच मापात पावणेनऊ लाख किलोमीटरवर जातो. खरा चंद्र पृथ्वीपासून आहे त्याच्या दुपटीहून लांब. तो मांडायला पृथ्वी पुरत नाही.

शाळांनी मात्र ताबुताच्या नादी लागू नये. त्यांना सोयीचे माप एकास शंभर कोटींचे, कारण त्यात गुणाकार-भागाकार करावा लागत नाही. दहा लाख किलोमीटरला एक मीटर धरायचा. सूर्य १.४ मीटरचा, तो भिंतीवर खडूने काढता येतो. पृथ्वी दीडशे मीटरवर, तेरा मिलिमीटरची. तिच्यापासून अडतीस सेंटिमीटरवर साडेतीन मिलिमीटरचा चंद्र. मंगळ २२८ मीटरवर, बहुतेक मैदानांच्या बाहेर. गुरू पाऊण किलोमीटरच्या पुढे, चौदा सेंटिमीटरचा, तिथवर सातवीचा वर्ग चालत जाऊन येतो. शनी जवळजवळ दीड किलोमीटरवर, युरेनस तीनला थोडा कमी. नेपच्यून साडेचार किलोमीटरवर, पाच सेंटिमीटरचा. तो नेऊन ठेवायला कुणाची तरी मोटारसायकल मागावी लागते, आणि ज्या गावात तो जाईल तिथल्या शाळेला आधी कळवून ठेवलेले बरे.